भरवसा कोणाचा?

दलित साहित्याच्या चर्चेत ‘देव’ हा शब्द आला की आपण बहुधा पान उलटतो. त्याला कारण आहे. ज्या देवाच्या पायरीवर आपली सावलीही चालली नाही, त्याचा हिशेब बाबासाहेबांनी १९५६ च्या दसऱ्याला नागपुरात चुकता केला. ती वही पुन्हा उघडण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न या त्रैमासिकाचे वाचक विचारतील आणि तो योग्यच आहे. मी देवाची वकिली करायला येथे उभा नाही. मला एका वाङ्मयाविषयी बोलायचे आहे. देव दिलेला शब्द मोडत नाही, ही या वाङ्मयाची मध्यवर्ती जाणीव. ते मराठीत आहे, शंभर-सव्वाशे वर्षांचे आहे आणि दलित जाणिवेच्या कसोटीवर ते आजवर फारसे कोणी घासून पाहिलेले नाही.

मराठी ख्रिस्ती वाङ्मय म्हटले की आपल्या तोंडी चार नावे येतात. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. पदमनजी कासार समाजातले, बाकीची तिघे ब्राह्मण. नगर, जालना, औरंगाबाद या टापूत जे ख्रिस्ती झाले ते मात्र मुख्यतः महार आणि मांग होते, आणि त्यांची संख्या या चौघांसारख्यांच्या कितीतरी पटींनी मोठी होती. त्यांचे वाङ्मय कुठे आहे? त्यांच्या वाट्याला टिळकांची पदे आली. ‘उपासना संगीत’ हाती धरून ती पदे म्हणत त्यांच्या तीन-चार पिढ्या गेल्या. शब्द टिळकांचे, गळा आमचा, असा हा व्यवहार झाला.

‘आमचा’ म्हणालो, कारण मी त्यांच्यातलाच आहे. आजोबा नगर जिल्ह्यातून गिरणीत आले आणि करी रोडच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहिले. त्या खोलीत भिंतीला मिशनचे वचनांचे कॅलेंडर असे. शेजारच्या खोलीत बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, त्यापलीकडे रत्नागिरीकडच्या मराठ्यांचा गणपती. आमचा हा मजला म्हणजे धर्मांतराच्या इतिहासाची एक पट्टीच होती. खालच्या नळावर मात्र सगळे धर्म एका रांगेत उभे राहत. आणि भांडण पेटले की तोंडातून जात निघे, धर्म नव्हे.

आता मूळ विषय. देवावर भरवसा म्हणजे काय, याचे सर्वात थेट उत्तर मराठी मुलखात कोणी दिले असेल तर ते पंडिता रमाबाईंनी. त्यांच्या दुष्काळाच्या आठवणी आणि पुढे १९०७ साली प्रसिद्ध झालेली त्यांची साक्ष ही दोन्ही लिखाणे शेजारी ठेवून वाचावीत. १८७४ च्या सुमाराचा दुष्काळ, मद्रास इलाख्यात हिंडणारे एक पुराणिक कुटुंब, पदरचे सारे देवांच्या पूजेत आणि ब्राह्मणभोजनात संपलेले. देव हाक ऐकतील म्हणून उपास झाले, जप झाले, तीर्थे झाली. वडील गेले, पाठोपाठ आई आणि मोठी बहीण गेली. बेभरवशाचा देव काय असतो हे रमाबाईंनी ग्रंथात वाचलेले नव्हते. त्यांनी ते उपाशी पोटाने पाहिले होते. म्हणूनच पुढे ज्या देवाला त्यांनी पकडले, त्याला त्यांनी अक्षरशः कसाला लावले. अमेरिकेतल्या मित्रमंडळाने शारदा सदनासाठी दहा वर्षांची मदत कबूल केली होती. ती मुदत सरत असताना त्या जॉर्ज म्युलर आणि हडसन टेलर यांची चरित्रे वाचत होत्या. कोणा माणसापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर अनाथाश्रम आणि मिशन चालवणारी ही माणसे. हिंदुस्थानात हे का होऊ नये, असे रमाबाईंनी ठरवले आणि केडगावचे मुक्ती त्या निश्चयावर उभे राहिले. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी मुली आणल्या, आणि १९०० पर्यंत तिथे दोन हजारांच्या आसपास माणसे जेवत होती. एका बाईचा हा पराक्रम कोणीही नाकारू नये. जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये १८८५ सालीच रमाबाईंची पाठराखण केली होती, हे आपल्यातल्या घाईने निकाल देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पण त्या दुष्काळाच्या आठवणीत एक जागा आहे, तिथे मी दर वेळी अडखळतो. उपासमार टोकाला गेली तरी आम्ही मजुरी केली नाही, भीकही मागितली नाही, कारण जातीचा अभिमान आड येत होता आणि हाताला कसले कामही ठाऊक नव्हते, असे रमाबाई मोठ्या प्रांजळपणे सांगतात. शेवटी भावाने ब्राह्मण्याचा ताठा सोडून हमालीला जायचे ठरवले, तेव्हा वाट थोडी मोकळी झाली. येथे मला प्रश्न पडतो. जिथे मजुरी हा शेवटचा उपाय आहे, तिथला भरवसा आणि जिथे मजुरी जन्मापासून आहे पण तिचे दाम कधी हाती पडलेले नाही, तिथला भरवसा, हे दोन एकच कसे? पहिल्यात माणूस काहीतरी सोडून देवाकडे येतो. दुसऱ्याजवळ सोडायला काही नसतेच. वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्याला ‘श्रद्धा’ म्हटले गेले आणि दुसऱ्याला ‘पोटासाठी बाटले’. १८७६–७८ च्या दुष्काळात नगर भागातल्या ज्या महारामांगांनी मिशनच्या कामावर खडी फोडली आणि बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यावर हा शिक्का आजही आहे. मला तर भाकरीसाठी देव पत्करण्यात काही खोट दिसत नाही. खुद्द येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतच रोजच्या भाकरीची मागणी आहे. ज्याच्या घरात उद्याचे पीठ आहे त्याने ती म्हणताना जरा चाचरावे, असे मात्र मला नेहमी वाटते.

टिळकांचे वेगळे. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, नगरला मिशनच्या शाळेत शिकवले, ‘ज्ञानोदया’चे मराठी पान सांभाळले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत आणि त्यांच्या अभंगांत ते दिसते. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. पगार नाही, देव देईल ते. वृत्तीने तर ते आधीपासूनच तसे होते, हाती आलेला पैसा कोणाला देऊन बसत. हे सारे आपल्याला कळते कुठून? ‘स्मृतिचित्रां’तून. १९३४ पासून प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठीतले एक अव्वल आत्मकथन आहे, हे मी वेगळे सांगायला नको. आमच्या समीक्षकांनी त्यातला विनोद पुष्कळ वाखाणला. त्या विनोदाखाली चाललेला वाद मात्र पाहिला नाही. नवरा देवावर हवाला ठेवतो आणि चूल पेटवायची विवंचना बायकोवर पडते. देव शब्दाला जागतो हे सिद्ध करण्यासाठी डब्याच्या तळाशी मूठभर तांदूळ कोणीतरी राखून ठेवावे लागतात, आणि ते राखणारीचे नाव साक्षीत येत नाही. लक्ष्मीबाईंनी ते आणले. तत्त्वचर्चा न करता, नुसते प्रसंग सांगत आणले. ख्रिस्ती श्रद्धेची मराठीतली पहिली खरी समीक्षा मी ‘स्मृतिचित्रां’ना म्हणेन, आणि ती श्रद्धा न सोडलेल्या बाईने केली आहे.

तरीही लक्ष्मीबाईंना शेवटी एक जमीन होती. सोवळे गळून पडल्याचा, कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवल्याचा प्रसंग त्या राहुरीच्या दिवसांत सांगतात. तो प्रसंग सुंदर आहे. पण ज्याच्या हातचे पाणी त्या प्यायल्या, त्या माणसाला त्या दिवशी काय वाटले, हे कोण लिहिणार?

आता शब्दाकडे येतो, कारण मी भाषेचा मास्तर आहे आणि माझे समाधान शब्दाशी झाल्याशिवाय होत नाही. मराठी मंडळीत देवाला ‘विश्वासू’ म्हणतात. लहानपणापासून हा शब्द कानावर आहे, पण तो किती विलक्षण आहे हे मला वर्गात ‘विशेषणे’ शिकवताना कळले. मुलांना म्हणालो, ‘विश्वासू’ला जोडून नामे सांगा. मुले म्हणाली, विश्वासू नोकर, विश्वासू गडी, विश्वासू कुत्रा. विश्वासू मालक कोणी म्हणाले नाही. विश्वासू सरकार नाही, विश्वासू पाटील नाही. मराठीत विश्वासूपणा खालच्याने वरच्याला द्यायचा असतो. मालक दयाळू असतो, उदार असतो, फार तर न्यायी असतो. त्याने शब्दाला बांधून राहावे अशी अपेक्षा आपल्या भाषेने केलेलीच नाही.

गावगाड्यात हा विश्वासूपणा कोणाकडून वसूल केला जाई? गावाचा वसूल तालुक्याच्या खजिन्यात कोणाच्या डोक्यावरून जाई? महाराच्या. शिवेचा तंटा पडला तर कोणाची साक्ष ग्राह्य धरत? महाराची. रात्रीची राखण कोणाकडे? त्याच्याचकडे. पैशासाठी, जमिनीसाठी, जिवासाठी ज्याच्यावर गावाने भरवसा टाकला, त्याच्यावर पाण्याच्या घागरीसाठी टाकला नाही. बदल्यात मिळाले बलुते, आणि तेही मागून, उंबऱ्याबाहेर उभे राहून. गिरणीत वेगळे काय झाले? साळखात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला तिथे मज्जाव होता. त्याला त्रासन खात्यात, कमी दामावर राबवले. १९२८-२९ च्या संपांच्या दिवसांत बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. आजोबा साळखात्यात कधीच गेले नाहीत. ख्रिस्ती झाले म्हणून त्यांच्या तोंडची लाळ शुद्ध झाली नव्हती.

अशा माणसाने देवाला ‘विश्वासू’ म्हणणे म्हणजे काय करणे? माझ्या मते ही एक प्रचंड उलथापालथ आहे. जो गुण पिढ्यान्पिढ्या त्याच्याकडून ओरबाडला गेला, तो त्याने सर्वात वरच्या मालकावर लादला आहे. तू शब्द दिला आहेस, आता तू बांधलेला आहेस, असे तो म्हणतो आहे. अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्र ईश्वरशास्त्राची आणि पुढे दलित ईश्वरशास्त्राची मांडणी केली. हिंदी ख्रिस्ती विचार हा ब्राह्मणी परंपरेशीच संवाद करत बसला, दलितांचे दुःख त्याला दिसले नाही, हा त्यांचा आक्षेप होता. बायबलातला देव हा सेवक देव आहे, आपल्याकडे ज्यांना धोबी आणि भंगी म्हणून हिणवले त्यांची कामे करणारा देव आहे, इथपर्यंत ते गेले. मला वाटते, मराठीतला ‘विश्वासू’ हा एक शब्द हीच गोष्ट नकळत सांगत होता. आमच्या पाळकांनी त्यावर हजारो उपदेश केले आणि त्यांना ती दिसली नाही.

कारण उपदेश दुसरेच काही शिकवत होते. धीर धरा, सोसा, देव बघतो आहे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण ज्या भाषेने थट्टेसाठी घडवली, त्याच भाषेत तीच गोष्ट गंभीर चेहऱ्याने व्यासपीठावरून सांगितली गेली. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर जो निबंध लिहून ठेवला आणि जो इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात १९८९ साली छापला गेला, त्यात त्यांनी नेमके येथे बोट ठेवले आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याला त्याचे दुःख पापाचे फळ म्हणून शिकवले गेले, परिस्थितीचे फळ म्हणून नव्हे, आणि म्हणून त्याच्यात चळवळ उभी राहिली नाही, असा त्यांचा आरोप आहे. मला तो मान्य आहे. आमच्या मंडळीत मी ती चळवळ शोधली. प्रार्थना-सभा सापडल्या, वर्गणीच्या पावत्या सापडल्या, बंगल्याच्या जागेचे दावे सापडले. मांगाच्या घरी सोयरीक करायला कचरणारे महार ख्रिस्तीही सापडले.

मग भरवशाची ती उलथापालथ गेली कुठे? ती छापील साक्षीत नाही. ती मी घरात ऐकली आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मी नंतर जन्मलो. माझ्या वाट्याला आला तो संपाच्या मागून आलेला काळ. वडिलांना परत घेतले नव्हते, ते लालबागच्या मिरची गल्लीत पोती उचलत आणि रात्री शिंकत घरी येत. ‘गिरणी म्हणजे भरवशाची म्हैस, आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा,’ असे ते म्हणत आणि देवाबद्दल काहीच म्हणत नसत. आई चार घरी पोळ्या लाटायची. रात्री आम्ही निजलो असे धरून ती गुडघ्यांवर बसे. तिची प्रार्थना पाळकांच्या प्रार्थनेसारखी नव्हती. तीत स्तुती थोडी आणि हिशेब फार. “देवा, तू बोलला व्हतास. म्या न्हाई बोलले, तू बोलला व्हतास. वाण्याचे अठ्ठावीस रुपये ऱ्हायले, पोराची फी ऱ्हायली. मंग आता तोंड का फिरवतूस?” असे ते चाले. कधी ती देवाला गिरणीच्या मॅनेजरासारखी फैलावर घेई, कधी गप्प बसून राही. त्या गप्प बसण्याची मला भीती वाटायची.

पुढे ईयोबाचे पुस्तक आणि विलापाची स्तोत्रे मी साहित्य म्हणून वाचली तेव्हा हा आवाज ओळखीचा वाटला. ईयोबाचे मित्र म्हणजे आमचे उपदेशक. तुझेच काही चुकले असेल, असे ते त्याला घोळून घोळून सांगतात. ईयोब ऐकत नाही. तो देवाला फिर्यादीत ओढतो, आणि त्या पुस्तकात शेवटी देव मित्रांवर रागावतो, ईयोबावर नव्हे. सोयीची तेवढी कडवी घेऊन बाकीचा ईयोब आमच्या मंडळीने कपाटात ठेवला. आपल्याकडे हा आवाज चोखोबांचा आहे. दाराबाहेर उभे राहून विठ्ठलाला जाब विचारणारा. आपल्या पिढीच्या समीक्षेने चोखोबांची काकुळत नाकारली आणि ते आवश्यकही होते. परंतु बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखामेळ्यालाही अर्पण केले, हेही विसरू नये. ज्या भरवशाचा त्यांना उपयोग नव्हता, त्यातली फिर्याद त्यांना ऐकू आली असावी.

जोतीरावांनाही ती ऐकू आली होती. ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला बळीराजा म्हटले. बळी म्हणजे परत येण्याचा शब्द देऊन गेलेला राजा. दिवाळीत त्याच्या राज्याची आठवण काढणारी कुणब्याची बायको ही जगातल्या कोणत्याही साक्षीइतकीच भरवशाची गोष्ट बोलत असते. फरक इतकाच की तिच्या भरवशात पीडा टळण्याची मागणी आधी आहे, आभार नंतर.

आपल्या आत्मकथनांनी देवाचा पाढा स्वच्छ वाचला. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातले आषाढातले देवदेव, अंगात येणे, पोतराज हे सारे इतक्या निर्दयपणे आणि इतक्या मायेने मांडले की त्यानंतर त्या देवांविषयी वेगळे लिहायला नको. असे पुस्तक दलित ख्रिस्ती घरातून का आले नाही? लेखक नव्हते असे नाही. मला कारण दिसते ते बाबूराव बागुलांच्या एका शीर्षकात. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्यातला नायक जात चोरतो. दलित ख्रिस्ती माणसाला धर्म चोरावा लागतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जात ही हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. १९८५ साली सुसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांतरानंतरही तितकेच हाल होतात याचा पुरावा मागितला, २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी असे सुचवले, २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. दरम्यान घराघरांत लोक रविवारी एक आणि दाखल्यावर एक झाले. अशा माणसाने आत्मकथन लिहायचे म्हणजे कबुलीजबाबच द्यायचा. राज्य म्हणते, तू ख्रिस्ती झालास म्हणजे तुझी जात गेली. चाळीतला नळ म्हणतो, गेली नाही. देवावर भरवसा ठेवणे याची येथे किंमत आहे, आणि ती फॉर्मच्या एका रकान्यात मोजता येते. रमाबाईंना आणि टिळकांनाही किंमत पडली होती. त्यांनी ती लिहिली आणि तिचे वाङ्मय झाले.

करी रोडच्या पुलावर उभे राहिले की आता चिमण्यांपेक्षा टॉवर अधिक दिसतात. आमची चाळही पाडायच्या यादीत आहे आणि आईला बिल्डरच्या शब्दाची चिंता लागली आहे. देवाची ती करत नाही. गेल्या पावसाळ्यात मी वही घेऊन तिच्यापुढे बसलो आणि म्हणालो, तू रात्री देवाशी जे भांडायचीस ते मला सांग, मला लिहून घ्यायचे आहे. ती हसली. म्हणाली, ते काय लिवायचं असतं, त्याला ठावं हाय. मी म्हणालो, त्याला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांना नाही. मग ती सांगत गेली. दोन तास सांगितले, मधेच वाण्याच्या उधारीचा आकडा दुरुस्त केला. वही मिटताना तिने विचारले, “छापणार हायस व्हय?” मी हो म्हणालो. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “माझं नाव घालू नगंस. थोरल्याच्या पोराचा दाखला अजून निघायचा हाय.”